झाकलं बॉनेट सव्वा लाखाचं

नानामामांची गाडी दिसण्याआधी ऐकू येते. बदलापूरहून निघून ती अंबरनाथमध्ये शिरली की प्रथम फुटक्या सायलेन्सरची भरदार घरघर, तिच्या वर पट्ट्याची बारीक शीळ, आणि आमच्या गल्लीत वळताना पुढच्या डाव्या चाकातून 'कट्-कट्-कट्'. आमच्या सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून न उठता सांगतो, "मामाजी आ गये." मग बायको चहाचं आधण ठेवते आणि मी पाण्याच्या दोन बाटल्या, एक जुनं फडकं आणि टॉर्च घेऊन खाली उतरतो. चहा आधी मामांना. गाडीला पाणी नंतर, कारण तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मामांचा चहा, मग पोहे, पोह्यांवर परत अर्धा कप, एवढ्या वेळात इंजिन हात लावण्याइतकं निवतं. आमच्या घरचा पाहुणचार गेली कित्येक वर्षं त्या रेडिएटरवर बेतलेला आहे.

गाडी म्हणजे पांढरी वॅगन-आर, एमएच-०५, २००९ सालची. बाहेरून बघाल तर दृष्ट लागेल. मामा तिला रोज सकाळी स्वतः पुसतात, तेही दोन फडक्यांनी, एक ओलं आणि एक कोरडं. शनिवारी लिंबू-मिरची बदलली जाते. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ, चारही चाकांना हळदकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. सीटची कव्हरं उल्हासनगरहून खास शिवून आणलेली, आणि त्या कव्हरांवर प्लास्टिकची कव्हरं. बॉनेट मात्र पाण्यापुरतं सोडलं तर उघडायचं नाही. आत काय चाललंय ते देवाला माहीत आणि इंजिनाला.

असा एक गाडीवाला प्रत्येक घराण्यात असतोच. कुणाच्या साडूंना पेट्रोलचा दिवा लागला तरी अजून चाळीस किलोमीटर जाते याची खात्री असते. कुणाच्या आत्तेभावाची स्टेपनी पंक्चर होऊन दोन दिवाळ्या उलटलेल्या असतात. कुणाचे काका पहिला पाऊस पडल्यावर वायपरचं रबर शोधायला निघतात आणि गणपतीपर्यंत शोधत राहतात. या मंडळींना आळशी म्हणावं, विसराळू म्हणावं किंवा पैशाला जपणारी म्हणावं, असा आपला समज असतो. नानामामांना यातलं एकही लागू पडत नाही. भाच्याच्या मुंजीत हात सैल सोडणारा माणूस तीनशे रुपयांच्या एअर फिल्टरसाठी मागे सरेल असं कोण म्हणेल? आणि विसराळू तर नाहीतच नाहीत.

मामांची सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली, आणि तीही इन्स्पेक्शनमध्ये. मशीनवरून पीस उतरला की तो मामांच्या टेबलावर यायचा. गेज लावायचं, मायक्रोमीटर फिरवायचा, आणि केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी लाल खडूची फुली. त्या फुलीला म्हणे फोरमन घाबरायचे. निवृत्त होऊन क्वार्टर सोडलं, बदलापूर पश्चिमेला फ्लॅट घेतला, पण फुली सुटली नाही. घरातल्या गॅसच्या रबरी नळीवर छापलेली तारीख मामांना पाठ आहे. सोसायटीच्या जिन्यातलं आग विझवायचं नळकांडं केव्हा भरून आणायचं, पाण्याची टाकी केव्हा धुवायची, याची वही आहे. लिफ्टच्या देखभालीला येणारा पोरगा ठरल्या दिवशी आला नाही तर दुसऱ्या दिवशी मामांचं पत्र जातं, आवक-जावक क्रमांकासकट. आमच्या लग्नात वाढप्याने आणलेला बासुंदीचा टोप त्यांनी टॉर्च मारून तपासला होता.

आणि असा माणूस स्वतःची गाडी वर्षानुवर्षं कुणाला दाखवत नाही.

याचा उलगडा एकदा त्यांनीच केला. मी नेहमीसारखा सर्व्हिसिंगचा विषय काढला होता. मामांनी बशी खाली ठेवली आणि मला समजावलं, "अरे, तपासायला गेलं की दोष निघतोच. मी जन्मभर तेच केलंय. शोधूनही काही सापडलं नाही असा एक पीस माझ्यासमोर आला नाही. मग कळून सवरून आपली गाडी त्या गॅरेजवाल्या पोरासमोर कशाला उभी करायची? हात दाखवून अवलक्षण!"

म्हणजे मामा गाडीची हेळसांड अज्ञानातून करत नाहीत, अनुभवातून करतात. तपासणीतून कुणीही सुखरूप सुटत नाही, हे ज्याने टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय, तो टेबलाच्या अलीकडे यायला तयार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, तसं त्यांचं झाकलं बॉनेट.

तर्कशास्त्रात मामांना हरवणं कठीण. एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात दर्शन घेतलं, वर आलो, आणि मामा भिंतीवरच्या कोरीवकामाकडे बोट दाखवून म्हणाले, "शके ९८२. म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांनी बांधलं. साडेनऊशे वर्षं उलटली, ऊन-पाऊस खातंय, उभं आहे. याची कुणी दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग करत होतं?"

मी म्हटलं, "मामा, मंदिराला उभंच राहायचं असतं. गाडीला चालायचं असतं."

"चालतेय ना?"

"शिवाय मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्यांची माणसं देखभाल करतात."

"तेच म्हणतोय," मामा म्हणाले. "सरकारी देखभालीवर एवढं टिकलं. माझी गाडी तर खासगी आहे." यावर काय बोलणार?

एकदा रात्री उशिरा मामांना त्यांच्याच गाडीतून बदलापूरला सोडायला गेलो, म्हणजे गाडी मी चालवत होतो. काटई रस्त्याच्या अंधारात समोरच्या काट्यांच्या तबकडीवर एक काळसर ठिपका दिसला. नखाने खरवडून बघितलं तर टिकली. मामीची, मरून रंगाची, मध्यम आकाराची. उचलली आणि खालून पिवळा दिवा झळकला. इंजिनाच्या आकाराचा.

"मामा, हा चेक इंजिनचा दिवा लागलाय."

"माहीत आहे. लाव ती टिकली परत."

"अहो पण…"

"रात्री डोळ्यांवर येतो तो. समोरचं नीट दिसत नाही. सुरक्षेसाठी लावलीय."

मागच्या सीटवरून मामी म्हणाली, "माझ्या पाकिटातल्या चार संपवल्या. उन्हाळ्यात गोंद सुटतो." तिच्या सुरात तक्रार नव्हती. मामीच्या बाजूची काच अर्ध्यावर येऊन अडकते, त्यामुळे पावसाळ्यात ती गाडीत छत्री उघडून बसते. संसारात कशाकशाला टेकू द्यायचा हे तिने फार पूर्वी ठरवून टाकलंय.

टायरचा किस्सा याहून मोठा. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मामांच्या पुढच्या टायरवर २३१४ होतं, म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. हे मी २०२२च्या पावसाळ्याच्या तोंडाशी बघत होतो. रबराला बारीक चिरा गेलेल्या, आणि मधल्या खाचा इतक्या उथळ की त्यात रुपयाचं नाणं उभं धरलं तरी जेमतेम कड बुडावी. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. ही मर्यादा मनाला येईल तशी नाही. खाचेच्या तळाशी त्या उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात, ते टायरच्या पृष्ठभागाला टेकले की समजायचं संपला.

माणूस इन्स्पेक्शनचा, तेव्हा भाषाही तीच बोलावी म्हणून मी घरातून व्हर्निअर कॅलिपर आणला. मी डिप्लोमाला होतो तेव्हा मामांनीच भेट दिलेला. शेपटाकडची खोली मोजायची दांडी खाचेत घातली आणि वाचायला लागलो.

"कसा धरलायस तो?" मागून आवाज आला. "पक्कड आहे का ती? शून्य तपासलंस? मोजताना दांडी तिरकी गेली तर आकडा जास्त येतो. हो बाजूला."

मामा गुडघ्यावर बसले. व्हर्निअर रुमालाने पुसला, दोन्ही जबडे मिटवून शून्य बघितलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि तीन ठिकाणी खोली मोजली. हाताला कंप नाही. मग एखादा निकाल वाचावा तसे म्हणाले, "एक पूर्णांक एक. एक पूर्णांक दोन. इकडे एक पूर्णांक शून्य. आतली बाजू जास्त झिजलीय, अलाइनमेंट गेलेलं आहे."

"आणि मर्यादा?"

"एक पूर्णांक सहा," मामा तत्काळ म्हणाले.

"मग?"

मामा उभे राहिले, पँटची धूळ झटकली. "नवा पीस असता तर रिजेक्ट केला असता. पण हा चालू वापरातला पीस आहे. त्याला वेगळा नियम." कोणता, ते सांगितलं नाही. व्हर्निअर मात्र तेल लावून परत डब्यात ठेवायला सांगितलं. तो गंजलेला त्यांना चालत नाही.

अशा माणसाशी समोरून वाद घालून चालत नाही, हे आमच्या नातेवाइकांनी आपापल्या परीने ओळखलंय. मावशीचा मार्ग सरळ आहे. मामा "मी सोडतो ना तुम्हाला" म्हणाले की ती बदलापूर लोकल पकडते. संध्याकाळच्या त्या गाडीत अंबरनाथला चढणं काय असतं हे जे रोज करतात त्यांनाच ठाऊक. कारण या मार्गावर लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या इतकी वर्षं एकाच जोडरुळावरून ये-जा करत आल्या आहेत. पण मावशी म्हणते, दारात लटकेन, निदान ब्रेक तरी लागतात. धाकटा चुलतभाऊ दुचाकीच्या डिकीत जंपर केबल, पायाने हवा भरायचा पंप आणि कूलंटची बाटली घेऊन फिरतो. त्याच्याकडे चारचाकी नाही. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी "नाना निघालेत" एवढंच लिहिलं की वांगणीपासून शहाडपर्यंत ज्याच्या त्याच्या हद्दीत एकेक जण सावध होतो.

मामांना विचारलं तर सर्व्हिसिंग नेहमी दिवाळीनंतर असतं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन आणि मामांच्या गाडीचं सर्व्हिसिंग या दोन गोष्टी 'होणार' म्हणून मी किती वर्षं ऐकतोय त्याला हिशेब नाही. त्यातल्या चिखलोलीबद्दल मला जास्त आशा वाटत आलीय.

खरा उपाय काढला तो आमच्या उल्हासनगरच्या मावसभावाने. त्याचं सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, राहायला चार नंबर कॅम्पात. उल्हासनगरचा स्वभावच मुळी नाही म्हणायचा नाही. युद्धकाळात लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या माणसांना तिच्या बराकींत उतरवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. वस्त्यांना नावं द्यायला सवड नव्हती म्हणून एक ते पाच आकडे राहिले ते राहिलेच. हाती काही नसताना आलेल्या माणसांनी तिथे पापडापासून फर्निचरपर्यंत सगळं उभं केलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणी शिळा झाला होता, पण त्यात कौतुकही होतं. न दुरुस्त होणारी वस्तू या गावाला मान्य नाही.

तर मावसभावाने एक दिवस मामांना फोन केला. "मामा, गिऱ्हाइकाकडे कापडाचे तागे पोचवायचेत, टेम्पो मिळत नाहीये. दोन दिवस गाडी देता का?" मामांना मागितलेलं आवडतं. त्यांनी किल्ली दिली, वर क्लच कसा सोडायचा याच्या सूचना दिल्या. मावसभाऊ गाडी घेऊन थेट ओळखीच्या सिंधी शेठच्या गॅरेजात. ताग्यांचं एक सूतसुद्धा गाडीत गेलं नाही.

शेठने बॉनेट उघडायला सांगितलं. कडी इतकी गंजलेली की पोराला वरून दाबून आतून ओढावं लागलं. ऑइलची काडी बाहेर काढली तर खालच्या खुणेलाही ऑइल पोचत नव्हतं. जे होतं ते काडीच्या टोकाला काकवीसारखं लोंबत राहिलं. पण खरी गंमत एअर फिल्टरच्या डब्यात. झाकण काढलं आणि आत उंदराने घर केलेलं. सीटच्या आतला कापूस, बडीशेपेच्या पुडीचा कागद, आणि त्यावर वाळलेला झेंडू. दर दसऱ्याला बॉनेटवर चढवलेल्या माळेचा प्रसाद बरोबर आत पोचत होता. शेठ बराच वेळ त्या घरट्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पूजा तो बराबर हो रही है."

ऑइल, दोन्ही फिल्टर, कूलंट, पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर, पट्टा. पॅड तर पत्र्यापर्यंत गेले होते, पत्रा चकतीला घासत होता. बिल मावसभावाच्या नावावर फाडलं, आणि ग्रुपवर नव्हे, वेगळ्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपमध्ये मामा सोडून सगळे आहेत. मामीसुद्धा.

गाडी परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी मला मामांचा फोन. "बघितलंस? दोन दिवस जरा कुणी चालवली तर कशी पळायला लागली! गाडीला वापर लागतो रे. तुम्ही लोक सर्व्हिसिंग-सर्व्हिसिंग करत बसता." मी हो म्हटलं. मग त्यांचा आवाज उतरला. "फक्त एक आहे. शीळ येत नाहीये. पोराने काहीतरी बिघडवलंय. पण जाऊ दे, घरचाच आहे, बोलायचं नाही." पुढे दोन पावसाळ्यांनी शीळ परत आली तेव्हा मामांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून आम्ही आळीपाळीने गाडी मागतो. कुणाला पाहुणे आणायचे असतात, कुणाला मुरबाडहून तांदूळ. कारण वेगळं, गॅरेज एकच. वर्षातून एकदा मामांच्या गाडीचं सर्व्हिसिंग मामांच्या नकळत होतं आणि मामा नातेवाइकांत सांगतात की माझी गाडी एवढी चांगली आहे की सगळ्यांना तीच लागते. अलीकडे त्यांनी एक अट घातलीय. देताना जितकं पेट्रोल असेल त्यापेक्षा थोडं जास्त भरून परत करायचं.

मामांच्या सिद्धान्तावर नियतीने शिक्कामोर्तब केलं ते २७ जुलै २०१९ला. ज्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तोच पूर. उल्हास नदीच्या अंगाची बदलापूर पश्चिम पाण्यात. २६ जुलै २००५च्या आठवणी असलेल्यांनी रात्रीच गाड्या उंचावर नेल्या होत्या. मामा नेणार होते, पण आदल्या संध्याकाळी गाडी सुरू झाली नाही. बॅटरी उतरलेली. ती बदलायची म्हणून आम्ही आधीच्या वर्षापासून सांगत होतो. "उद्या बघू," मामा म्हणाले, आणि उद्या पाणी बॉनेटवरून गेलं.

पाणी ओसरल्यावर मी आणि मावसभाऊ चिखल तुडवत पोचलो, तर मामा किल्ली घेऊन गाडीत बसलेले. पुरात बुडालेली गाडी कधी सुरू करायची नसते, हे इथे प्रत्येक पावसाळ्यात कुणीतरी नव्याने शिकतं. हवेच्या वाटेने पाणी सिलेंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागा देत नाही आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेलं. आम्ही लांबूनच ओरडलो, "मामा, नको!" तोवर मामांनी किल्ली फिरवली होती.

टक्.

एवढंच. बॅटरी ठार मेलेली. मामांनी खिडकीतून डोकं काढलं, "धक्का मारा रे!" आम्ही हात बांधून उभे राहिलो, पण सोसायटीतले चार परोपकारी पुढे झाले आणि त्यांनी खांदे लावले. गाडी तसूभर हलली नाही. मागच्या चाकांचे ब्रेक गंजून धरलेले होते. त्या लायनरचं काम आम्ही पुढच्या 'पाहुण्यां'च्या वेळी करून घेणार होतो.

शेवटी क्रेनने उचलून नेली. शेठने प्लग काढले, इंजिन हाताने फिरवलं, आणि दोन सिलेंडरांतून पिचकारीसारखं पाणी उडालं. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "बॅटरी अच्छी होती, तो इंजिन गया था." हे वाक्य त्याने मामांसमोर म्हणायला नको होतं. गाडी महिनाभर आत राहिली. विमा फक्त थर्ड पार्टी, "कायद्याला तेवढाच लागतो" म्हणून, त्यामुळे पुराचं सगळं नुकसान घरचं. त्यातलं निम्मं दुसऱ्या ग्रुपवर गोळा झालं. पण मामांना मिळायचं ते मिळालं. शेजारच्यांच्या नव्या, वेळच्या वेळी सर्व्हिस केलेल्या दोन गाड्यांची इंजिनं त्या सकाळी बसली, कारण त्या एका किल्लीत सुरू झाल्या. त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, बाराव्याला मामा हा किस्सा सांगतात आणि शेवटी विचारतात, "मग? बॅटरी बदलली असती तर?" देव तारी त्याला कोण मारी, हे मान्य. पण देवाने तारायचं तरी किती वेळा?

२०२४ला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षं वाढवून मिळतात. एप्रिल २०२२पर्यंत सहाशे रुपये असलेली नूतनीकरणाची फी पाच हजार झाल्याचं मामांना कळलं तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पण खरं दुःख फीचं नव्हतं. गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागणार होती.

दोन महिने आमच्याकडे पाहुणे, तांदूळ आणि कापडाच्या ताग्यांची रीघ लागली. नवे टायर मामांच्या वाढदिवसाची भेट म्हणून उघडपणे दिले. तपासणीच्या आदल्या रात्री मामा झोपले नाहीत. सकाळी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कागदांची फाइल. इन्स्पेक्टर पस्तिशीचा, मन लावून काम करणारा. त्याने दिवे पाहिले, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर. चासी नंबर ताडून पाहिला. मामा दोन पावलं मागे, हात मागे बांधून उभे. कपाळावर घाम. गाडी पास झाली.

बाहेर आलो, रसवंतीवर थांबलो. मामांनी ग्लास हातात घेतला आणि म्हणाले, "मी असतो तर पास केली नसती."

"का हो?"

"स्टिअरिंगला बोटभर प्ले आहे. डाव्या अॅक्सलचा जॉइंट गेलाय, वळताना ऐक. मामीच्या काचेचा दांडा तुटलाय. ड्रायव्हर सीटची पट्टी दुसऱ्या खाचेत धरत नाही. डावं मागचं शॉकअॅब्सॉर्बर गळतंय. सायलेन्सरला मधल्या जोडावर भोक आहे. डाव्या हेडलाइटच्या आत ओल आहे." ते बोटांवर मोजत होते. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सगळं पाठ होतं. गॅसच्या नळीच्या तारखेइतकं पाठ.

मावसभाऊ बघतच राहिला. "अहो मामा, मग हे करून का नाही घेतलंत?"

"आता कशाला?" मामा म्हणाले. "पास झाली ना!"

त्यानंतर सुरक्षा नंबरप्लेटचं आलं. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी प्लेट लावायची, नाहीतर दंड. आम्ही मार्च २०२५च्या आधी मामांच्या मागे लागलो. मामा म्हणाले, मुदत वाढेल. वाढली. पुन्हा मागे लागलो, पुन्हा वाढली. त्या वर्षात ती एवढ्या वेळा वाढली की सरकार आणि मामा यांचं आतून काहीतरी ठरलेलं असावं अशी मला शंका आहे.

तर आता २०२९पर्यंत नोंदणी आहे, मामा ठणठणीत आहेत आणि टिकलीखालचा दिवा लागलेला आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. काटई-बदलापूर रस्त्याला कधी एखादी चकचकीत पुसलेली पांढरी वॅगन-आर कडेला उभी दिसली, आणि शेजारी छत्री उघडून एक बाई आणि खिशाला पेन लावलेले एक गृहस्थ उभे असले, तर कृपा करून थांबा. पाणी द्या, जंपर द्या, धक्का मारा. फक्त निघताना, "मॉडेल जुनं असलं तरी गाडी छान ठेवलीय हो तुम्ही," एवढं म्हणू नका. तेवढ्यावर आमचं आणखी एक वर्ष जातं.